क्रूझवरून जमैकाची ब्लू माउंटन कॉफी आणायची आहे? मग या क्रमाने आणा

अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जातात, बोट जमैकाला लागते आणि परतताना प्रत्येकाच्या हातात कॉफीची एकेक पिशवी असते. घरी ती उघडली की कुणाला कळतं, पिशवीवर ‘ब्लेंड’ लिहिलं होतं. कुणाची कॉफी दळलेली आणि वास उडालेली निघते. कुणाची पिशवी तर भाजलेल्या तारखेचा पत्ताच नसलेली. पैसे मात्र प्रत्येकाने अस्सल कॉफीचेच मोजलेले असतात.

हे होतं ते क्रम उलटा झाल्यामुळे. आपण आधी दुकानात शिरतो, मग किंमत विचारतो आणि पिशवीवरचे शब्द वाचतो ते घरी. खरं तर शब्द आधी, वेळेचा हिशोब त्यानंतर आणि दुकान अगदी शेवटी. या लेखात जमैकाचंच उदाहरण धरून तो क्रम पायरीपायरीने दिला आहे. दुसऱ्या बंदरांसाठी काय बदलतं तेही मध्ये थोडक्यात येईल.

१. निघण्यापूर्वी घरीच ठरवायच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, किती. एका कपाला साधारण १५ ग्रॅम कॉफी लागते. जमैकात पिशव्या बहुतेक ८ औंस आणि १६ औंस अशा वजनात मिळतात, म्हणजे २२७ आणि ४५४ ग्रॅम. ८ औंसांच्या पिशवीत जेमतेम १५ कप होतात आणि १६ औंसांच्या पिशवीत ३०. हा हिशोब केला की आपण उगाच किती घेतो ते लक्षात येतं. रोज चहा पिणाऱ्या घराला भेट म्हणून द्यायला ८ औंस पुष्कळ झाले. स्वतःसाठी महिन्याभरात संपेल इतकीच घ्या. ही कॉफी साठवून ठेवायची वस्तू नाही.

दुसरी गोष्ट, बिया की दळलेली. घरी ग्राइंडर असेल तर बियाच घ्या, यात दुसरा विचार नको. दळलेल्या कॉफीचा सुगंध पिशवी उघडल्यापासून काही दिवसांतच उतरतो. बिया नीट ठेवल्या तर भाजल्यापासून पाच-सहा आठवडे तरी चांगल्या राहतात. ज्यांच्याकडे दळायची काहीच सोय नाही त्यांच्यासाठी दळलेली घ्या, पण लहान पिशवी घ्या आणि ती लगेच वापरायला सांगा.

तिसरी गोष्ट, बोट नेमकी कुठल्या बंदराला लागणार. ओचो रिओसला धक्क्यापासून बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे. फालमथचं बंदर खास क्रूझसाठी बांधलेलं आहे, तिथे आवारातच दुकानांची रांग आहे. माँटेगो बेचा क्रूझ धक्का मात्र गावापासून दूर असल्याने गाडी करावी लागते. ही तिन्ही बंदरं उत्तर किनाऱ्यावर आहेत आणि ब्लू माउंटन डोंगर बेटाच्या पूर्व भागात, किंग्स्टनच्या वरच्या अंगाला आहेत.

इशारा: उत्तर किनाऱ्यावरून ‘कॉफीच्या मळ्याची सहल’ विकणारे भेटतील. तो मळा कोणत्या जिल्ह्यात आणि किती उंचीवर आहे ते आधी विचारा. किनाऱ्यापासून जवळच्या मळ्यात कॉफी पिकते, ती चांगलीही असू शकते, पण ब्लू माउंटन म्हणून ती विकता येत नाही. खऱ्या ब्लू माउंटनच्या मळ्यापर्यंत जाऊन यायला घाटरस्त्याने जवळजवळ अख्खा दिवस लागतो. तिथे जायचंच असेल तर बोटीच्या कंपनीमार्फतच्या सहलीनेच जा, कारण अशा सहलीला उशीर झाला तरी बोट थांबते. स्वतः गाडी करून गेलात तर ती थांबेलच असं नाही.

२. पिशवीवरचे शब्द पाठ करा

एकाच पायरीला वेळ देणार असाल तर या पायरीला द्या.

जमैकात ‘ब्लू माउंटन’ हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. पोर्टलंड, सेंट अँड्र्यू, सेंट थॉमस आणि सेंट मेरी या चार जिल्ह्यांतल्या ठरवून दिलेल्या डोंगरी पट्ट्यात, साधारण ३,००० ते ५,५०० फूट उंचीवर पिकलेली कॉफी तेवढीच ब्लू माउंटन. ब्लू माउंटन शिखर स्वतः ७,४०२ फूट उंच आहे, पण मळे तिथवर जात नाहीत, वर राखीव जंगल आहे. तपासणी आणि प्रमाणपत्राचं काम पूर्वी कॉफी इंडस्ट्री बोर्ड करत असे. २०१८पासून ते ‘जमैका ॲग्रिकल्चरल कमॉडिटीज रेग्युलेटरी ऑथॉरिटी’, म्हणजे ‘जॅक्रा’कडे आहे.

आता दुकानातल्या फळीवर दिसणारे शब्द, एकेक करून.

‘१०० टक्के जमैका ब्लू माउंटन’ हे सगळे शब्द एकत्र, सलग आणि त्यांच्याबरोबर नोंदणीकृत प्रमाणचिन्ह. आपल्याला हवी आहे ती ही पिशवी.

‘ब्लू माउंटन ब्लेंड’ म्हणजे मिश्रण. त्यात ब्लू माउंटन किती टक्के आहे ते पिशवीवर शोधा. काही पिशव्यांत ते प्रमाण अगदी थोडं असतं आणि उरलेली कॉफी दुसऱ्या देशाचीही असू शकते. टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर पिशवी परत फळीवर ठेवा.

‘ब्लू माउंटन स्टाइल’ किंवा ‘ब्लू माउंटन टेस्ट’ यात ब्लू माउंटनचा एक दाणाही असेल याची खात्री नाही.

‘जमैका हाय माउंटन’ ही कॉफी खरीखुरी जमैकन आहे, पण ब्लू माउंटनच्या पट्ट्याबाहेरची आणि कमी उंचीवरची. ती वाईट नसते. दूध घालून पिणाऱ्या घरासाठी मी हीच सुचवेन, पैसे वाचतात. फक्त ती हाय माउंटनच्या भावातच घ्या.

‘रोस्टेड इन जमैका’ याचा अर्थ कॉफी तिथे भाजली एवढाच. ती कुठे पिकली याबद्दल हे शब्द काहीच सांगत नाहीत.

यानंतर प्रत. नंबर १, २ आणि ३ हे आकडे मुख्यतः दाण्याचा आकार आणि दोषांचं प्रमाण यांवरून ठरतात. नंबर १चे दाणे सर्वांत मोठे. ‘पीबेरी’ म्हणजे फळात नेहमीच्या दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरलेली. ती निवडून वेगळी काढावी लागते, म्हणून महाग. दोन पिशव्यांवरचं बाकी सगळं सारखं असेल तर नंबर १ घ्या. पण एक नंबरची तारीख नसलेली पिशवी आणि दोन नंबरची गेल्या पंधरवड्यात भाजलेली पिशवी, यांत मी दुसरीच उचलेन. दाणा मोठा असला तरी शिळी कॉफी शिळीच लागते.

तारखेबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख बहुधा वर्षभर पुढची असते, कधी त्याहूनही लांबची. त्यावरून कॉफी ताजी आहे की नाही ते कळत नाही. आपल्याला भाजल्याची तारीख हवी. ती नसेल तर दुकानदाराला हा माल कधी आला ते विचारा आणि ‘बेस्ट बिफोर’ सर्वांत लांबची असलेली पिशवी मागच्या रांगेतून काढा.

शेवटी भाजण्याचा रंग. ब्लू माउंटनची ओळख तिचा सौम्यपणा आहे. कडवटपणा कमी, चव स्वच्छ, हलकी गोडसर. मध्यम भाजलेल्या दाण्यात हे गुण टिकतात. काळपट, तेलकट चमकणारा दाणा म्हणजे तो फार भाजला आहे. मग कुठल्याही डोंगरावरची कॉफी जवळपास सारखीच लागते आणि आपण जास्तीचे पैसे ज्या चवीसाठी देतो तीच हरवते. ‘कडक’ कॉफी आवडणाऱ्या माणसाला ब्लू माउंटन पाणचट वाटण्याचा संभव आहे. त्याच्यासाठी ती घेऊच नका.

तपासणी: पुढे वाचण्याआधी फोनमध्ये एवढी टीप लिहून ठेवा: १०० टक्के, प्रमाणचिन्ह, नंबर, भाजल्याची तारीख, बिया, मध्यम भाजलेली. दुकानात गर्दी आणि घाई असते, तिथे आठवायला वेळ मिळत नाही.

बंदर दुसरं असेल तर

नियम तेच, शब्द वेगळे. हवाईच्या कैलुआ-कोनाला ‘१०० टक्के कोना’ शोधा. तिथे वर्षानुवर्षं फक्त १० टक्के कोना घातलेलं मिश्रण ‘कोना ब्लेंड’ म्हणून विकायला कायद्याने मुभा होती. २०२४मध्ये झालेल्या कायद्याने हे प्रमाण १ जुलै २०२७पासून किमान ५१ टक्के होणार आहे. कोनाला मोठ्या बोटी धक्क्याला लागत नाहीत. छोट्या नावांतून उतरावं आणि परतावं लागतं, म्हणून रांगेसाठी वेळ वेगळा धरा. मात्र मळे जमैकाच्या मानाने फार जवळ आहेत. होलुआलोआचा पट्टा गाडीने थोड्याच वेळात गाठता येतो, तेव्हा तिथे थेट मळ्यावर जाऊन घेणं उत्तम.

कोस्टा रिकाला स्वस्त पिशव्यांत साखर मिसळून भाजलेली कॉफी असते. तिथे ‘पुरो’ हा शब्द पाहा. आपल्याकडे कोची किंवा न्यू मंगळूर बंदरात उतरलात तर चिकोरीकडे, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीकडे, लक्ष द्या. भारतातल्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा आणि कूर्ग किंवा चिकमंगळूरची निव्वळ अरेबिका मागा.

३. बंदराच्या आदल्या संध्याकाळी, बोटीवर

घड्याळापासून सुरुवात करा. जमैकात घड्याळ वर्षभर बदलत नाही. फ्लोरिडात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते एक तास पुढे असतं. फ्लोरिडाहून निघालेली बोट बऱ्याचदा आपलं घड्याळ बदलत नाही. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळताच जमैकाची वेळ दाखवू लागतो. म्हणजे बोटीवर दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि फोनवर अडीच. खरेदीच्या नादात बोट चुकण्याला एवढं कारण पुरतं. हातात साधं घड्याळ घाला आणि उतरण्यापूर्वी ते बोटीच्या वेळेला लावा. परत यायची शेवटची वेळ बोट सुटण्याच्या वेळेच्या साधारण अर्धा ते एक तास आधी असते. ती बोटीच्या रोजच्या पत्रकात छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा.

दुसरी तयारी पैशांची. १, ५, १० आणि २० डॉलरच्या नोटा वेगळ्या काढा. जमैकात अमेरिकन डॉलर सर्रास चालतात, पण १००ची नोट दिलीत तर सुटे बहुधा जमैकन डॉलरमध्ये मिळतील आणि ते बोटीवर चालत नाहीत.

बोटीवर ‘बंदरातली खरेदी’ या विषयावर माहितीचा कार्यक्रम असतो आणि शिफारस केलेल्या दुकानांचा नकाशाही वाटतात. तो नकाशा ठेवा, रस्ते समजायला कामाला येतो. पण त्यावरच्या दुकानांनी जाहिरातीचे पैसे दिलेले असतात, हे तिथेच बारीक अक्षरात छापलेलं असतं. शिफारस म्हणजे गुणवत्तेची हमी असं समजू नका. बोटीवरच्या दुकानातही कॉफी दिसली तर तिची किंमत आणि वजन फोनमध्ये टिपून ठेवा, किनाऱ्यावर तुलनेला उपयोगी पडते.

पाठीवरची एक रिकामी पिशवी बरोबर घ्या. तिच्यात दुसरं काही, विशेषतः वासाचा साबण किंवा मसाले, ठेवू नका.

४. उतरल्यावर कुठे आधी, कुठे नंतर

बंदराच्या आवारातल्या पहिल्या दुकानात शिरा, पण घेऊ नका. तिथे फक्त बघायचं आहे: कोणत्या कंपन्यांच्या पिशव्या आहेत, वजन किती, भाव काय. वॉलनफर्ड आणि मॅविस बँक या कॉफी कारखान्याचा जॅब्लम ही नावं सहज दिसतील. नाव ओळखीचं असलं तरी शब्द वाचायचेच.

मग सुपरमार्केट. जमैकन माणसं जिथे किराणा घेतात तिथे कॉफीची फळी असते आणि त्याच पिशवीचा भाव धक्क्यावरच्या दुकानापेक्षा बहुधा कमी असतो. हाय-लो ही तिथली जुनी साखळी आहे. ओचो रिओसला सुपरमार्केट धक्क्यापासून चालत गाठता येतं. माँटेगो बेला गाडी लागेल, तेव्हा गाडीभाडं धरून हिशोब करा. एका पिशवीसाठी जाण्यात अर्थ नाही, चार-पाच घ्यायच्या असतील तर आहे.

गाडी करायची तर लाल नंबरपाटीची, परवाना असलेलीच करा. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांची तिथे हीच खूण आहे. भाडं बसण्यापूर्वी ठरवा, ते माणशी की पूर्ण गाडीचं आणि एकेरी की जाऊन-येऊन, हेही विचारून घ्या.

हस्तकला बाजारात किंवा रस्त्यात कुणी प्लास्टिकच्या पिशवीतल्या सुट्या बिया ‘थेट डोंगरावरून’ म्हणून स्वस्तात देऊ लागला तर नको म्हणा. त्यावर प्रमाणपत्र नसतं आणि बंद पाकीट नसल्याने पुढे कस्टम्सलाही उत्तर देता येत नाही. शिवाय मळ्यांतून कॉफीची चोरी होणं ही जमैकातल्या छोट्या शेतकऱ्यांची मोठी दुखरी बाब आहे. स्वस्त सुट्या मालामागे कुणाचं तरी वर्षभराचं पीक असू शकतं. आपण शेतकऱ्यांच्या घरांतून आलेले लोक आहोत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

ओचो रिओसला ताजमहाल नावाचं शॉपिंग सेंटर आहे. कॅरिबियनच्या अशा बाजारांत हिंदी बोलणारे दुकानदार भेटतात आणि आई-बाबांना साहजिकच बरं वाटतं. गप्पा मारा, पण पिशवीवरचे शब्द तिथेही तितक्याच काळजीने वाचा.

इशारा: ‘ड्यूटी फ्री’ची पाटी पाहून कॉफी स्वस्त समजू नका. त्या पाटीचा फायदा परदेशातून तिथे आणलेल्या दारू, घड्याळं, अत्तरं अशा मालाला असतो. कॉफी तिथलीच आहे.

५. पिशवी हातात आल्यावर

या क्रमाने पाहा. आधी समोरचे शब्द आणि प्रमाणचिन्ह. मग मागे बारीक अक्षरातला घटकांचा मजकूर: समोर मोठं ‘ब्लू माउंटन’ आणि मागे ‘ब्लेंड’ असं सापडू शकतं. मग वजन. पिशवी कितीही फुगीर असली तरी छापलेलं वजनच खरं. मग तारीख. शेवटी पिशवीवरची छोटी गोल झडप. ताजी भाजलेली कॉफी काही दिवस वायू सोडत राहते, तो झडपेतून बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. झडपेजवळ नाक नेऊन पिशवी अगदी हलकेच दाबली की वास कळतो. तो गोड, भाजलेल्या धान्यासारखा यावा. जुनाट कागदासारखा किंवा खवट तेलासारखा आला तर ती नको.

लाकडाचं छोटं पिंप आणि तागाची गोंडस पिशवी यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण भेट म्हणून लोक हमखास तीच उचलतात. निर्यातीची ब्लू माउंटन कॉफी खरोखरच लाकडी पिंपांतून जाते, त्याची ही छोटी प्रतिकृती. दिसायला सुंदर. पण आत बऱ्याचदा दळलेली कॉफी असते, वजन कमी असतं आणि पिंपाचे पैसे कॉफीत धरलेले असतात. घ्यायचीच असेल तर आतली पिशवी सीलबंद आहे का आणि तिच्यावर काय लिहिलं आहे ते बघूनच घ्या. तागाच्या पिशवीवर छापलेलं नाव हा पुरावा नाही, आतल्या पाकिटावरचं नाव हा पुरावा.

भावाची तुलना नेहमी १०० ग्रॅमवर आणा. समजा ८ औंसांची पिशवी २५ डॉलरला आणि १६ औंसांची ४५ला आहे. पहिली १०० ग्रॅमला ११ डॉलर पडते, दुसरी जवळपास १०. फरक एवढाच असेल तर लहान पिशव्याच घ्या, एक संपेपर्यंत दुसरी बंद राहते. आणि पाउंडभर कॉफी १५-२० डॉलरला मिळत असेल तर ती १०० टक्के ब्लू माउंटन नाही असंच धरा, विक्रेता काहीही सांगो.

घासाघीस सुपरमार्केटात चालत नाही. छोट्या दुकानात तीन-चार पिशव्या एकदम घेताना जरूर विचारा.

६. पैसे देताना

कार्ड दिलंत तर यंत्र कधी विचारतं, रक्कम कोणत्या चलनात घ्यायची. तुमच्या चलनातला पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात दुकानाच्या बँकेचा दर लागतो आणि तो सहसा महाग पडतो. भाव जमैकन डॉलरमध्ये लिहिला असेल तर जमैकन डॉलरच निवडा. भारतातलं कार्ड असेल तर परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागेल, ते आधी माहीत करून घ्या. फळीवरची ‘डॉलर’ ही खूण कोणत्या डॉलरची आहे ते विचारल्याशिवाय घाबरू नका आणि खूशही होऊ नका. एका अमेरिकन डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर मिळतात.

पावती घ्या. तिच्यावर वस्तूचं नाव आणि किंमत स्पष्ट असू द्या. कस्टम्सला तीच दाखवायची आहे.

७. परत बोटीवर

सुरक्षा तपासणीत सीलबंद भाजलेली कॉफी अडवत नाहीत. कॉफीची ताजी लाल फळं, रोपं, पानं, माती लागलेलं काहीही नेऊ नका, मळ्यावर कुणी प्रेमाने दिलं तरी.

केबिनमध्ये पिशवी कपाटात खाली, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. बाल्कनीतल्या काचेजवळ दुपारचं ऊन तापतं, तिथे नको. केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढताच पिशवीवर पाणी धरतं. पिशवी थोडी फुगली तर घाबरून टाचणी मारू नका. ‘जरा चव बघू’ म्हणून उघडूही नका. एकदा सील फुटलं की ताजेपणाचे दिवस तिथूनच मोजायचे, आणि उघडं पाकीट घेऊन कस्टम्समधून जाणंही टाळलेलं बरं.

८. कस्टम्स आणि विमान

अमेरिकेत उतरताना ‘खाण्याचं काही आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘हो, भाजलेली कॉफी’. भाजलेली कॉफी न्यायला परवानगी आहे. पण वस्तू परवानगीची असली तरी ती जाहीर करावीच लागते आणि लपवल्यास दंड होऊ शकतो. आई-बाबांना हे आधी समजावून सांगा. घाबरून ‘काही नाही’ म्हणण्याची चूक बहुधा मोठ्यांकडूनच होते.

न भाजलेल्या हिरव्या बियांचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्या चालतात, पण हवाई आणि प्वेर्तो रिकोत नेता येत नाहीत. तुमची क्रूझ प्वेर्तो रिकोच्या सान हुआनला संपत असेल तर हे लक्षात हवं. भारतात हिरव्या बिया नेण्याच्या भानगडीत पडू नका, वनस्पती संगरोधाचे नियम लागतात. प्रवाशाने फक्त भाजलेली, सीलबंद कॉफी न्यावी.

पुढे विमान असेल तर दळलेली कॉफी चेक-इनच्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात ३५० मिलीहून जास्त मापाची पूड असेल तर ती वेगळी तपासतात, कधी पुढे जाऊही देत नाहीत. बिया हातात नेल्या तरी चालतात.

तपासणी: पावती, सीलबंद पिशवी आणि ‘हो’ हे उत्तर. तिन्ही तयार असतील तर ही पायरी दोन मिनिटांची आहे.

९. घरी आल्यावर

पिशवी उघडली की आठ-दहा दिवसांची कॉफी घट्ट झाकणाच्या, अपारदर्शक डब्यात काढा. उरलेली छोट्या हवाबंद पाकिटांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. एक पाकीट बाहेर काढलं की ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका आणि पुन्हा आत ठेवू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर हे पाळावंच लागतं, दमट हवेत कॉफी पाहता पाहता मऊ पडते.

ग्राइंडर नसेल आणि मिक्सरवर दळायची असेल तर भांड्याचा वास घेऊन बघा. गोडा मसाला किंवा लसूण-खोबऱ्याची चटणी ज्या भांड्यात होते ते धुतलं तरी वास धरून राहतं. त्यात आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून फेकून द्या, भांडं पुसा आणि मग कॉफी थांबून थांबून, दोन-दोन सेकंद फिरवा. सलग फिरवली तर तापते आणि पूड एकसारखी होत नाही. माटुंग्यासारख्या ठिकाणी कॉफी पावडरच्या दुकानात दळून घ्यायचा मोह होईल. त्या चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाची चिकोरी अडकलेली असते, म्हणून तोही टाळा.

करायला फ्रेंच प्रेस किंवा कागदी गाळणी सर्वांत सोपी. १५ ग्रॅम कॉफीला साधारण २५० मिली पाणी. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून ओता. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टरही चालतो, फक्त दळण जरा जाडसर ठेवा आणि डिकॉक्शन पुन्हा उकळू नका. पहिला कप दूध-साखरेशिवाय प्या. नंतर हवं तर थोडं दूध घाला.

आपल्याकडची जायफळ घातलेली, दुधात उकळलेली कॉफी मला मनापासून आवडते. तिच्यासाठी मात्र घरातली नेहमीचीच कॉफी वापरा. जायफळ, वेलची आणि आटवलेलं दूध यांत ब्लू माउंटनचा सौम्य स्वाद शोधूनही सापडणार नाही.

भेट देताना पिशवीला एक चिठ्ठी लावा: भाजल्याची तारीख, किती चमचे, किती पाणी, उकळू नका, महिन्याभरात संपवा. नाहीतर ती पिशवी पाहुण्यांसाठी म्हणून शोकेसमध्ये जाते आणि दिवाळीला बाहेर निघते.